वन्स मोअर

नाटकाच्या थिएटरात मी आयुष्यभर दोनच गोष्टी मनापासून केल्या. एक म्हणजे मध्यंतरात बटाटेवडा खाल्ला आणि दुसरी म्हणजे पदाला वन्स मोअर दिला. वन्स मोअर द्यायला गाण्यातलं फारसं कळावं लागत नाही. घसा लागतो, आणि आपल्याआधी दुसरा कोणी ओरडला तर चुटपुट लागण्याइतका स्वाभिमान लागतो. आमच्या वडिलांच्या पिढीने तर एकेका पदाला तीन-तीनदा वन्स मोअर घेऊन नायिकेचं लग्न पार पहाटेपर्यंत लांबवलेलं आहे. तेच पद, तीच चाल, तोच नट आणि तोच पेटीवाला. आनंद मात्र दर खेपेला ताजा. तेव्हा 'तेच तेच ऐकून कंटाळा आला' हे वाक्य निदान मराठी माणसाच्या तोंडी शोभत नाही.

मी ते एकदा म्हणालो. १९८६ साली, स्वतःच्या घरात, चांगल्या खणखणीत आवाजात. आणि एकोणीस वर्षांनी तेच वाक्य मला पॅरिसमध्ये फ्रेंच माणसांच्या तोंडून परत ऐकावं लागलं. निमित्त झालं एका अल्बमचं.

आमचे चिरंजीव कॉम्प्युटरच्या नोकरीवर पॅरिसला असतात. म्हणजे 'पॅरिसला' असं आपलं म्हणायचं, राहतात व्हँसेनला. ठाण्याच्या माणसाने परगावी गेल्यावर 'मुंबईला असतो' म्हणून ठोकून द्यावं, तसलाच प्रकार. २००५ साली त्यांचं लग्न व्हायचं होतं, आणि मुलगा नक्की खातो काय हे बघायला सौ. आणि मी तीन महिने तिथे जाऊन राहिलो होतो. मार्चमधल्या एका संध्याकाळी चिरंजीव ऑफिसातून आले ते हातात एक सीडी घेऊन. काळं कव्हर आणि त्यावर टीव्हीचा पडदा. चेहऱ्यावर असा आनंद, की मला वाटलं पगारवाढ झाली.

"काय आहे रे?"

"डाफ्ट पंकचा नवा अल्बम. 'ह्यूमन आफ्टर ऑल.' चार वर्षं वाट बघत होतो, बाबा."

"कसलं संगीत?"

"हाउस."

"म्हणजे घरगुती?"

चिरंजीवांनी माझ्याकडे बघितलं आणि बूट काढायला गेले. शिकागोमधल्या 'वेअरहाउस' नावाच्या क्लबवरून त्या संगीताला हाउस हे नाव पडलं, हे मला मागाहून समजलं. पण माझी समजूत अगदीच टाकाऊ नव्हती. या मंडळींच्या १९९७ सालच्या पहिल्या अल्बमचं नाव 'होमवर्क', आणि तो खरोखरच घरात, झोपायच्या खोलीत यंत्रं मांडून केलेला होता. आता याला घरगुती नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

मंडळी म्हणजे दोनच. तोमा बांगाल्तेर आणि गी-मान्युएल द ओमें-क्रिस्तो. दुसऱ्याचं नाव उच्चारायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात आपल्याकडे एक स्थायी म्हणून होते. ही पोरं १९८७ साली पॅरिसच्या लिसे कार्नो नावाच्या शाळेत भेटली. पुढे तिसऱ्या मित्राला घेऊन त्यांनी 'डार्लिन' नावाचं गिटारवाल्यांचं टोळकं काढलं. १९९३ मध्ये विलायतेतल्या 'मेलडी मेकर' साप्ताहिकाने त्यांची गाणी ऐकून लिहिलं, की हा म्हणजे नुसता खुळचट पंकछाप धडधडाट आहे. आपल्याकडे कोणाच्या गाण्यावर असं छापून आलं असतं, तर त्याने संपादकाला चौदा पानी पत्र लिहिलं असतं आणि वर जन्मभर वाजवणं सोडलं असतं. या पोरांनी काय केलं, तर गिटार बाजूला ठेवली, यंत्रं घेतली आणि त्या शिवीतलेच दोन शब्द उचलून नव्या दुकानावर पाटी म्हणून लावले. डाफ्ट पंक. ज्यांच्या नावाचंच बारसं समीक्षकाने केलं, त्यांच्याबद्दल मत देणाऱ्याने जरा जपून असावं. पण हा शहाणपणा मला नंतरचा.

२००१ साली त्यांचा 'डिस्कव्हरी' हा दुसरा अल्बम आला. तेव्हापासून दोघं चेहऱ्यावर रोबोची शिरस्त्राणं घालूनच लोकांपुढे यायला लागले. विचारलं तर सांगायचे, की ९ सप्टेंबर १९९९ रोजी ९ वाजून ९ मिनिटांनी आमच्या स्टुडिओतल्या यंत्राचा स्फोट झाला, शुद्धीवर आलो तर आम्ही रोबो झालेलो. आमच्या बँकेतसुद्धा कामावर उशिरा येण्याची कारणं सांगणारे एकेक कलावंत होते, पण एवढी झेप कोणाची नव्हती. आणि आता या रोबोंच्या तिसऱ्या अल्बमचं नाव काय, तर 'शेवटी माणूसच'.

नवीन अल्बम एकट्याने ऐकायचा नाही, असा चिरंजीवांच्या मित्रमंडळात रिवाज होता. शनिवारी रात्री पाचजण आले. त्यांची नावं मला उच्चारता येत नव्हती, म्हणून मी मनातल्या मनात आपली ठेवली. ऑफिसातला मित्र तो 'दाढी'. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई त्या 'मादाम' आणि त्यांचे यजमान ते 'प्रोफेसर'. ते कुठे शिकवत नव्हते, पण बोलायचे तसे. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याचा मुलगा, जो शनिवार-रविवार लग्नांमधून रेकॉर्डी वाजवायचा. आणि वरच्या खोलीतला एक विद्यार्थी. सौ.ने बटाटेवडे तळले. दिवे मंद केले. सीडी लागली.

दहा गाणी, पाऊण तास. मी प्रामाणिकपणे ऐकलं. एक गिटारचा तुकडा यायचा, तो पुन्हा यायचा, आणि मग तो पुन्हा यायचा. मधूनमधून एक यांत्रिक आवाज तीच दोन-चार अक्षरं म्हणायचा. गाणं आता वळण घेईल, मग घेईल, अशी वाट बघत मी बसलो होतो, आणि गाणं सरळच चाललं होतं. सात नंबरचं गाणं एकोणीस सेकंदांत आटपलं. ते त्यातल्या त्यात बरं वाटलं.

सौ. स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "अहो, मिक्सर लागल्यासारखं वाटतंय. पण मिक्सर थांबला की निदान चटणी तरी होते."

सीडी संपली. सगळे गप्प. मयताला आल्यावर पहिलं वाक्य कोणी बोलायचं, तशी ती शांतता होती. मग दाढीने तोंड उघडलं आणि सात मिनिटं मिटलं नाही. हातवारे झाले, कपाळ धरून झालं, एकदा डोळ्यांत पाणी आल्यासारखंही वाटलं. मी चिरंजीवांना विचारलं, "काय म्हणतो?"

"म्हणतो, मागच्यासारखं नाही."

"एवढंच?"

"एवढंच, बाबा."

दाढीला म्हणे २००१ च्या 'डिस्कव्हरी'ने जगवलं होतं. प्रेमभंग झाला होता, आणि त्यातलं 'वन मोअर टाइम' लावून तो रोज सकाळी दात घासायचा. आता चार वर्षांनी तसंच काहीतरी मिळेल म्हणून आला, तर हे. त्याच्या दुःखाची मला कल्पना आली. आवडत्या मावशीकडे पुरणपोळीच्या आशेने जावं आणि तिने पानात भाकरी वाढावी, तसं त्याचं झालं होतं.

मग मादाम बोलल्या. चिरंजीवांनी भाषांतर केलं, "म्हणतात, सगळं तेच तेच आहे."

"म्हणजे मागच्यासारखंच?"

"नाही. स्वतःसारखंच. गाणं सुरू होतं ते संपेपर्यंत तेच राहतं."

मी बँकेत तीस वर्षं खाती जुळवलेली. माझ्या लगेच ध्यानात आलं, की इथे ताळेबंद जुळत नाही. पहिली तक्रार अशी, की यांनी स्वतःची पुनरावृत्ती केली नाही. आणि दुसरी तक्रार अशी, की यांनी पुनरावृत्तीच केली. एकाच सीडीवर, एकाच पाऊण तासात, दोन्ही गुन्हे! पण दाढी आणि मादाम एकमेकांकडे बघून अगदी एकमत असल्यासारख्या माना डोलावत होते.

बेकरीवाल्याचं मत धंद्यातलं होतं. 'डिस्कव्हरी'ला दोन वर्षं घेतली आणि हे सहा आठवड्यांत भट्टीतून काढलं. पीठ फुगूच दिलं नाही, असं त्याचं म्हणणं. हे मला त्यातल्या त्यात पटलं. निदान माणूस आपल्याला समजतं त्यातलं बोलत होता. विद्यार्थ्याचं मत सगळ्यांत धीट. हा खरा अल्बमच नव्हे, कोणीतरी केलेली नक्कल आहे, खरा पुढच्या महिन्यात येईल, असं तो छातीठोक सांगत होता. प्रेमाचं हेही एक लक्षण. आवडत्या माणसाने वाईट वागलं की आपण म्हणतो, तो तसा नव्हेच; त्याच्या अंगात कोणीतरी शिरलंय.

शेवटी प्रोफेसर. त्यांनी आधी चष्मा पुसला. मग त्यांनी असं सांगितलं, की टीव्ही आणि यंत्रं माणसाला कशी कंटाळवाणी करून टाकतात हा या अल्बमचा विषय आहे, तेव्हा तो कंटाळवाणा आहे हेच त्याचं यश. हे ऐकून मला एकदम धन्य वाटलं. मी हेड ऑफिसला तीस वर्षं जे रिपोर्ट पाठवले, ते किती खोल होते याची मलाच कल्पना नव्हती.

एवढं सगळं होईतो सौ.चे वडे चार वेळा फिरून आले. त्याच आकाराचे, त्याच चवीचे. 'तेच तेच' असं कोणी म्हटलं नाही. मादामनी तर पाचव्या खेपेला स्वतः उठून घेतले.

मग सगळे माझ्याकडे वळले. मोस्यू भारतातले, संगीतातले जाणकार, त्यांना काय वाटतं? आता जाणकार म्हणजे काय, तर मी पेटी वाजवतो. गायकाला साथ करण्याइतकी नव्हे. तबलेवाल्याला लेहरा धरण्याइतकी. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तबलेवाला एकटा वाजवायला बसला, की पेटीवाल्याने एक छोटीशी ओळ धरायची. सोळा मात्रांची. ती संपली की पुन्हा तीच. तबलेवाला तास वाजवो नाही तर दोन तास; पेटीवाल्याने त्या ओळीत काना-मात्रेचा फरक करायचा नाही. केलात, तर तबलेवाला तुमच्याकडे असा बघतो की दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याच्या गल्लीतून जात नाही. असा लेहरा मी त्या वेळेपर्यंत चांगली तीसेक वर्षं धरलेला होता.

आणि असा मी, पायावर पाय टाकून, पॅरिसच्या त्या मंडळींपुढे म्हणालो, "हे संगीत नव्हे. हे दळण आहे."

चिरंजीवांनी भाषांतर केलं नाही. नुसते म्हणाले, "हे मी आधी ऐकलंय, बाबा." आणि रिकाम्या बशा गोळा करून आत गेले.

मला क्षणभर काही कळेना. मग कळलं.

१९८६ साली चिरंजीव अकरा वर्षांचे होते. मामाने दुबईहून येताना त्यांच्यासाठी छोटासा कॅसिओ आणला होता. त्यात एक बटण दाबलं की आपोआप ठेका सुरू व्हायचा. चिरंजीव तो ठेका लावायचे आणि वर चार सूर वाजवायचे. तेच चार. शाळेतून आल्यापासून दिवेलागणीपर्यंत. आठवडाभर मी सहन केलं आणि एका संध्याकाळी पेटीसमोर बसल्या बसल्या ओरडलो, "अरे, तेच तेच काय लावलंयस! हे संगीत आहे का दळण?" दुसऱ्या दिवशी कॅसिओ माळ्यावर गेला. 'पोरांना आठ दिवसांत कंटाळा येतो' असं मी मामाला कळवलं. पुढे घर बदललं तेव्हा तो भंगारात गेला असावा.

त्या रात्री झोप लागली नाही. सीडीच्या कव्हरशी चाळा करत बसलो. चिरंजीव सांगत होते, की त्यातला तो बांगाल्तेर १९७५ चा. म्हणजे आमच्याच चिरंजीवांच्या वर्षाचा. त्याचे वडील दानिएल व्हांगार्द म्हणून गाणी करणारे गृहस्थ, 'डी. आय. एस. सी. ओ.' हे ओटावानचं गाणं त्यांच्याच हातचं. ते आमच्याकडे १९८० च्या सुमारास कॉलेजच्या गॅदरिंगला वाजायचं. या व्हांगार्दसाहेबांच्या घरातही कधीतरी झोपायच्या खोलीतून एकच ठेका तासन्‌तास ऐकू आला असणार. त्यांनी यंत्र माळ्यावर जाऊ दिलं नाही, एवढं मात्र उघड आहे.

सकाळी उठलो तो स्वयंपाकघरातून तोच अल्बम. सौ. कणीक मळत होती आणि 'रोबो रॉक' चालू होतं.

"अगं, काल तर मिक्सर म्हणालीस!"

"बसून ऐकलं तर मिक्सरच आहे," ती म्हणाली. "पण कणीक छान मळली जाते हो."

पंधरा दिवसांच्या मतमतांतरांत एवढं मोलाचं वाक्य दुसरं कोणी बोललं नव्हतं. ते माझ्या घरात, माझ्या समोर, कणकेच्या हातांनी बोललं गेलं, म्हणून मी अर्थातच तिकडे लक्ष दिलं नाही.

बाहेरही मतं आमच्या बटाटेवड्याच्या बैठकीसारखीच पडत होती. अमेरिकेतल्या 'पिचफोर्क' या इंटरनेटवरच्या संगीतपत्राने अल्बमला दहापैकी ४.९ गुण दिले. आमच्या एस.एस.सी. बोर्डात ३५ टक्क्यांना पास करतात, त्या हिशेबाने पोरगं पास होतं. पण पेढे वाटण्याजोगं नव्हे. गंमत म्हणजे याच पत्राने २००१ मध्ये 'डिस्कव्हरी'लाही ६.४ च दिले होते. म्हणजे ज्या अल्बमइतका हा चांगला नाही म्हणून दाढी रडत होता, तोही आला तेव्हा काही बोर्डात पहिला आलेला नव्हता.

आता इथे पडदा टाकून दोन वर्षांनी उघडायला हवा.

जून २००७. सूनबाईंचे दिवस भरत आलेले, म्हणून आम्ही पुन्हा व्हँसेनला. १४ जूनला बेर्सीच्या मोठ्या स्टेडियमात डाफ्ट पंकचा कार्यक्रम होता. दोन तिकिटं चिरंजीवांनी कधीच काढून ठेवली होती. नवव्या महिन्यात सूनबाईंनी त्या गोंगाटात जावं असं कोणालाच वाटेना. एक तिकीट उरलं. मराठी माणूस आणि फुकट जाणारं तिकीट यांच्यामध्ये जगातली कुठलीही शक्ती उभी राहू शकत नाही. कानात घालायला कापूस घेऊन मी निघालो. गार द ल्योंला गाडी बदलून बेर्सीला उतरलो. त्या स्टेडियमच्या उतरत्या भिंतींवर बाहेरून हिरवळ लावलेली आहे. ती बघून मला वाटलं, आत काहीतरी शांत प्रकार असेल.

आत काळोख, आणि स्टेजवर भला मोठा पिरॅमिड. आमच्या शेजारी दाढी आणि मादाम. पिरॅमिड उजळला, त्यात ते दोन रोबो उभे, आणि पहिलंच गाणं लागलं ते 'रोबो रॉक'. म्हणजे त्या दळणातलंच! मी घाबरून दाढीकडे बघितलं. आता हा माणूस पैसे परत मागणार. तर दाढी दोन्ही हात वर करून बेंबीच्या देठापासून ओरडत होता. मादाम उड्या मारत होत्या. एका शाळेच्या शिक्षिका!

कापूस कानात होता, पण आवाज पायांतून येत होता. पुढे 'टेलिव्हिजन रूल्स द नेशन' लागलं. हे मला आठवत होतं. चार अक्षरं, तीच तीच. इतक्यात त्याच्यावर दुसरं काहीतरी चढलं. 'डिस्कव्हरी'तलं 'क्रेसेंडॉल्स', चिरंजीव कानात ओरडले. खाली २००५ ची ती हट्टी ओळ, वर २००१ चा तो नाचरा तुकडा. मग १९९७ च्या गाण्यावर २००१ चं गाणं. मग आणखी काहीतरी. आणि माझा उजवा हात आपोआप मांडीवर चालायला लागला. सोळा मात्रा. पुन्हा सोळा मात्रा. समेवर मान हलली आणि मला दरदरून घाम फुटला.

अहो, हा लेहरा होता!

तीस वर्षं जी गोष्ट मी स्वतः करत आलो, ती मला सात हजार किलोमीटर लांब येऊन, कानात कापूस घालून समजली. लेहऱ्याची ओळ बदलत नाही, ती बदलायची नसतेच. ती बदलत नाही म्हणूनच तिच्यावर बाकीचं सगळं खेळू शकतं. लेहरा ऐकायला कोणी येत नाही. पण लेहरा थांबला तर सम कुठे आहे ते परमेश्वरालाही सांगता येणार नाही. 'ह्यूमन आफ्टर ऑल' हा नुसता लेहऱ्यांचा अल्बम होता. आम्ही सहाजण सोफ्यावर वडे खात बसलो आणि तबला कधी सुरू होतो याची वाट बघत राहिलो. तबला आमच्याकडे होता. हातापायांत. तो फक्त सौ.ने वाजवला, कणकेवर.

कार्यक्रम संपला. पण लोक हलेनात. ओरडायला लागले. या बाबतीत माणसाची मोठी मौज आहे. इंग्रज माणसाला गाणं पुन्हा हवं असलं की तो फ्रेंचमध्ये ओरडतो, 'आँकोर'. फ्रेंच माणूस लॅटिनमध्ये ओरडतो, 'बिस'. आणि आपण इंग्रजीत, 'वन्स मोअर'. पुन्हा मागायची वेळ आली की प्रत्येकाला स्वतःच्या भाषेची लाज वाटत असावी. रोबो परत आले. काय वाजवलं? 'ह्यूमन आफ्टर ऑल', आणि त्यातूनच वळून पुन्हा 'वन मोअर टाइम'. दाढीच्या दोन्ही गालांवरून पाणी. त्याने मला मिठी मारली आणि काहीतरी सांगितलं.

"काय म्हणतो?" मी विचारलं.

"म्हणतो, हा अल्बम ग्रेट आहे हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो."

याला खोटं म्हणू नये. मत बदललं की माणूस जुनं मत घरात ठेवत नाही. भंगारात देतो आणि नवंच वाडवडिलांपासून होतं असं सांगतो. जगाचीही तीच रीत. या कार्यक्रमाची रेकॉर्ड 'अलाइव्ह २००७' म्हणून निघाली, आणि ४.९ वाल्या त्या गाण्यांसकट तिला २००९ मध्ये ग्रॅमी मिळालं. पुढे २०१३ मध्ये त्यांचा 'रँडम ॲक्सेस मेमरीज' आला, २०१४ मध्ये वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून त्यालाही ग्रॅमी मिळालं. फेब्रुवारी २०२१ मध्ये दोघांनी दुकान बंद केल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी 'पिचफोर्क'ने जुन्या उत्तरपत्रिका बाहेर काढल्या: 'डिस्कव्हरी'चे ६.४ होते त्याचे १० केले, आणि 'रँडम ॲक्सेस मेमरीज'चे ८.८ होते ते ६.८ वर आणले. वीस वर्षांनी रीचेकिंग! आमच्या वेळी बोर्डाने ही सोय ठेवली असती तर माझं बीजगणित आज पास झालं असतं. विनोद सोडा, पण मला ते आवडलं. एकदा दिलेलं मत चुकलं असं छापून सांगायला छाती लागते. मला ते घरातल्या घरात सांगायला बावीस वर्षं लागायची होती.

म्हणजे असं, की त्या रात्री बेर्सीहून परतताना मेट्रोत मी चिरंजीवांना म्हणालो, "तो तुझा कॅसिओ रे..."

"कुठला कॅसिओ?"

"मामाने आणलेला. मी दळण म्हणालो होतो. माळ्यावर टाकलास."

चिरंजीव हसले. "अहो बाबा, तो तुमच्या बोलण्यामुळे नाही टाकला. त्याच्या बॅटऱ्या संपल्या होत्या."

मला एकदम हलकं वाटलं. "मग नव्या का नाही आणल्यास?"

"तुमच्याकडे पैसे मागायला लागले असते," चिरंजीव म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. मेट्रोच्या खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नसतं. बोगदा असतो.

खरी माफी मी २००८ मध्ये मागितली, तीही पत्राने, आणि पत्राबरोबर चार पेन्सिल सेल पाठवले. चिरंजीवांनी ते नातीच्या खेळण्यातल्या आगगाडीला घातले.

आता या अल्बमवरचं माझं आजचं मत, कोणी विचारलं नसलं तरी. तेव्हाची मंडळी चुकली नव्हती. पानात नुसती भाकरी वाढली तर ती कोरडी लागणारच. पिठलं श्रोत्याने घरून आणायचं, ही अपेक्षा जरा जास्तच आहे. 'स्टीम मशीन' मला आजही घशाखाली उतरत नाही. बेकरीवाला म्हणाला तेही खोटं नाही. सहा आठवडे कमीच पडले. पण 'द प्राइम टाइम ऑफ युवर लाइफ' शेवटी जे द्रुत पकडतं, तिथे माझी मांडी अजून चालते. आणि 'मेक लव्ह' म्हणून जे संथ गाणं आहे, ते मी रात्री एकटा लावतो. पियानोचे मोजके सूर, तेच तेच, कुठेही जायची घाई नाही. कोणीतरी शेजारच्या खोलीत स्वतःशीच काहीतरी वाजवत बसलंय आणि त्याला कोणी थांबवत नाहीये, असं वाटतं.

गेल्या उन्हाळ्यात नात ठाण्याला आली होती. बेर्सीच्या कार्यक्रमानंतर बारा दिवसांनी झालेली, म्हणजे तिने तो कार्यक्रम आतूनच ऐकला असता तर शेवटी माझं तिकीट हुकलं असतं. दुपारी लॅपटॉप उघडून बसली. एक ठेका लावला आणि त्यावर चार सूर. तेच चार. अर्धा तास. मी आरामखुर्चीत बसून होतो.

"आजोबा, कंटाळा आला?"

खरं सांगायचं तर आला होता. डोळ्यांवर झोपही आली होती. तत्त्व पटलं म्हणून लगेच कान सुधारतात असं नाही. माझे तर सत्तर वर्षांचे जुने कान. पण स्वयंपाकघराच्या दारात चिरंजीव येऊन उभे राहिलेले मला दिसले. हातात चहाचा कप तसाच.

मी आरामखुर्चीत सरळ झालो, घसा साफ केला आणि शेजारचे कुलकर्णी गॅलरीत येतील अशा आवाजात ओरडलो, "वन्स मोअर!"